एनसीव्ही रिपोर्ट नॉर्मल, तरी हाताला मुंग्या? मनगटातल्या नसेचा वेग नेमका कसा मोजतात

रात्री दोन-अडीचला हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की जरा बरं वाटतं. सकाळी गाडीचं हँडल धरलं की सिग्नल येईपर्यंत बोटं पुन्हा बधिर. ही तक्रार घेऊन पुण्यात कुणी डॉक्टरांकडे गेलं, की चिठ्ठीवर बहुतेक वेळा एक टेस्ट लिहून येते: एनसीव्ही. म्हणजे नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी. नसेतून विजेचा संदेश किती वेगाने धावतो, हे पाहणारी तपासणी. टेस्ट झाली की दोन-तीन पानांचा रिपोर्ट हातात पडतो आणि त्यात आकडेच आकडे असतात.

पेशंट साहजिकच 'व्हेलॉसिटी' असं लिहिलेला रकाना शोधतो. तिथे ५६ मीटर प्रति सेकंद असा आकडा दिसतो. शेजारी नॉर्मलची मर्यादा ५० च्या आसपास लिहिलेली असते. म्हणजे सगळं ठीक. मग रात्री हात का बधिर होतो?

बऱ्याचदा कारण साधं असतं. तो ५६ चा आकडा कोपरापासून मनगटापर्यंतचा असतो आणि नस दबलेली असते ती मनगटाच्या पुढे. हाताच्या एनसीव्हीत एकच मोजमाप नसतं. एकाच नावाखाली अनेक पद्धती येतात आणि त्या सगळ्या सारख्या तरबेज नाहीत. काही पद्धतींतून दहापैकी साडेआठ पेशंट सापडतात, काहींतून सहाच. त्यामुळे 'एनसीव्ही केली का' यापेक्षा 'कुठल्या पद्धतीने केली' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो.

बोगदा कुठे आहे?

बोलीभाषेत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे नस म्हणजे मज्जातंतू, म्हणजेच नर्व्ह.

हातात तीन मोठ्या नसा येतात. मीडियन नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. अल्नर नस करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू सांभाळते. रेडियल नस मुख्यतः हाताच्या पाठीमागच्या बाजूची, पण अंगठ्याच्या मागच्या भागातही तिचा वाटा असतो.

मनगटात आठ छोटी हाडं कमानीसारखी रचलेली असतात आणि वरून एक जाड पट्टा असतो. या दोहोंमधली अरुंद जागा म्हणजे कार्पल टनेल. त्यातून बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध जातात आणि त्यांच्यात दाटीवाटीने मीडियन नस. आत सूज आली, दाब वाढला की सगळ्यात आधी तक्रार करते ती नस. अल्नर नस मात्र या बोगद्यातून जात नाही, ती बाजूच्या वेगळ्या वाटेने तळहातात शिरते. पुढची सगळी गोष्ट या एका फरकावर उभी आहे.

आणखी एक गंमत. तळव्याच्या बुंध्याकडच्या त्वचेला जाणारी मीडियन नसेची शाखा बोगद्याच्या आधीच फुटते आणि वरून जाते. म्हणून कार्पल टनेलच्या पेशंटची बोटं बधिर होतात, पण अंगठ्याखालचा फुगवटा सहसा होत नाही. तोही बधिर असेल, तर नस दुसरीकडे कुठेतरी दबली असण्याची शंका डॉक्टर घेतात.

बेडकाच्या पायापासून मनगटापर्यंत

नसेचा वेग मोजता येईल, यावर एकेकाळी शास्त्रज्ञांचाच विश्वास नव्हता. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांना तो मोजण्यापलीकडचा वाटत होता. त्यांचेच शिष्य हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर प्रयोग करून तो मोजला. उत्तर आलं सेकंदाला साधारण २७ मीटर. माणसाच्या हातातल्या नसांचा वेग याच्या दुप्पट असतो.

दवाखान्यात ही कल्पना यायला मात्र आणखी शंभर वर्षं लागली. १९५६ मध्ये ब्रिटिश डॉक्टर जॉन सिम्पसन यांनी दाखवलं, की मनगटात मीडियन नस दबलेल्या पेशंटमध्ये अंगठ्याच्या स्नायूपर्यंत संदेश पोचायला जास्त वेळ लागतो. दोन वर्षांनी गिलियट आणि सीअर्स यांनी बोटांच्या संवेदनेचा संदेश त्वचेवरून टिपून दाखवला. आज पुण्यातल्या कुठल्याही न्यूरो लॅबमध्ये जी टेस्ट होते, तिचे दोन मूळ भाग हेच: स्नायूकडे जाणारा संदेश म्हणजे मोटर, आणि संवेदनेचा संदेश म्हणजे सेन्सरी.

५६ चा आकडा का फसवतो?

मोटर टेस्टमध्ये अंगठ्याच्या बुंध्याशी असलेल्या स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवतात. मनगटाशी विजेचा हलका झटका देतात आणि स्नायू हलायला किती वेळ लागला ते यंत्र नोंदवतं. मग कोपराशी झटका देतात आणि पुन्हा वेळ पाहतात. दोन ठिकाणांमधलं अंतर टेपने मोजायचं आणि वेळेतल्या फरकाने भागायचं. आला वेग.

पण हा वेग कोपर ते मनगट या पट्ट्याचा झाला. मनगटापासून स्नायूपर्यंतचा वेग असा काढता येत नाही, कारण त्या वेळेत नसेचा प्रवास संपल्यावर संदेश स्नायूत उतरण्याचा वेळही मिसळलेला असतो. म्हणून तिथे वेग लिहीतच नाहीत, फक्त वेळ लिहितात. रिपोर्टमध्ये त्याला 'डिस्टल लेटन्सी' म्हणतात आणि तो मिलिसेकंदात असतो. साधारण सव्वाचार ते साडेचार मिलिसेकंदांच्या वर गेला तर तो लांबला असं समजतात, नेमकी मर्यादा लॅबप्रमाणे बदलते. कार्पल टनेलबद्दल मोटर टेस्टला जे सांगायचं असतं, ते या आकड्यात असतं. मोठ्या अक्षरातल्या व्हेलॉसिटीत नसतं.

कधी कधी तर ही व्हेलॉसिटी उलटी दिशाभूल करते. शंभरातल्या १५ ते ३० माणसांत मीडियन नसेतले काही तंतू पुढच्या हातातच अल्नर नसेकडे जातात. याला मार्टिन-ग्रुबर जोड म्हणतात. हा आजार नाही, काही माणसं अशीच घडलेली असतात. पण अशा माणसाला कार्पल टनेल झालं, की कोपराकडून आलेल्या संदेशाचा काही भाग बोगदा टाळून आडवाटेने पोचतो आणि वेगाचा आकडा अवास्तव जास्त येतो. नस दबलेली, आणि रिपोर्टवर ती विक्रमी वेगाने धावते आहे! अनुभवी डॉक्टर असा आकडा पाहून खूश होत नाहीत, सावध होतात.

संवेदनेची टेस्ट आणि बोरघाटाचा हिशेब

दबलेल्या नसेत बिघाड आधी दिसतो तो बहुधा संवेदनेच्या तंतूंमध्ये. म्हणून सेन्सरी टेस्ट जास्त संवेदनशील मानतात. तर्जनीवर दोन रिंग इलेक्ट्रोड घालायचे आणि मनगटाशी नोंद घ्यायची, किंवा उलट मनगटाशी झटका द्यायचा आणि बोटावर नोंद घ्यायची. पहिली पद्धत ऑर्थोड्रोमिक, म्हणजे संवेदना ज्या दिशेने धावते त्याच दिशेची. दुसरी अँटिड्रोमिक, उलट्या दिशेची. वेग दोन्हीत जवळपास सारखाच येतो. फरक पडतो लहरीच्या उंचीत. बोटात नस त्वचेला जवळ असते, त्यामुळे अँटिड्रोमिक पद्धतीत लहर ठसठशीत दिसते. मात्र मनगटाशी झटका दिला की हाताचे स्नायूही हलतात आणि त्यांची गडबड नोंदीत मिसळू शकते. मर्यादांचे आकडे दोन्ही पद्धतींचे वेगळे असतात, त्यामुळे एका लॅबचा रिपोर्ट दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टशेजारी ठेवून 'सुधारलं की बिघडलं' ठरवणं धोक्याचं.

बोट ते मनगट हे अंतर साधारण १४ सेंटिमीटर असतं. त्यातला दबलेला तुकडा दोन-तीन सेंटिमीटरचा. आता मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा विचार करा. बोरघाटात गाडी अर्धा तास रखडली, पण बाकी रस्ता मोकळा होता, तर वाकड ते कळंबोलीची सरासरी तितकीशी वाईट दिसत नाही. नसेचंही तसंच होतं.

आकड्यांत बघू. नस निरोगी असेल आणि वेग ५६ मीटर प्रति सेकंद असेल, तर १४ सेंटिमीटरला अडीच मिलिसेकंद लागतात. समजा बोगद्यातल्या ३ सेंटिमीटरमध्ये वेग २५ वर आला. तरी पूर्ण अंतराची सरासरी निघते ४४. कमी आहे, पण मर्यादेच्या जवळच. आता तळहाताच्या मध्यावर झटका देऊन फक्त ८ सेंटिमीटरचा तुकडा मोजला, तर तोच बिघाड ३८ म्हणून दिसतो. तुकडा जितका लहान, तितका अडथळा उघडा पडतो. तळहात ते मनगट ही टेस्ट यासाठीच करतात.

हीच कल्पना टोकाला नेली ती जून किमुरा यांनी. १९७९ मध्ये त्यांनी मनगटावरून तळहाताकडे एकेक सेंटिमीटर सरकत झटके देऊन वेळ मोजली. निरोगी नसेत प्रत्येक सेंटिमीटरला साधारण ०.२ मिलिसेकंद लागतात. जिथे हा वेळ एकदम दुपटीवर उडी मारतो, तिथे नस दबलेली. याला 'इंचिंग' म्हणतात. अडथळा नेमका कुठे आहे हे इतक्या बारकाईने दुसरी कुठलीच वेगमापणी सांगत नाही. पण तिला वेळ लागतो, झटके जास्त बसतात आणि रोजच्या गर्दीत सहसा कुणी ती करत नाही.

लहान तुकड्याची किंमतही मोजावी लागते. टेप धरताना एक सेंटिमीटरची चूक झाली, तर १४ सेंटिमीटरमध्ये ती सात टक्क्यांची असते. ८ सेंटिमीटरमध्ये साडेबारा टक्क्यांची. म्हणजे वेग नॉर्मल की कमी, हे टेक्निशियनच्या टेपवर ठरू शकतं. या अडचणीतून बाहेर काढणारी युक्ती अनामिकेत आहे.

शेजारच्या नसेशी शर्यत

अनामिकेला दोन नसा जातात. एक बोगद्यातून येते, एक बाहेरून. मग मनगटाशी दोन्ही नसांना आळीपाळीने, बोटापासून सारख्याच अंतरावर झटका द्यायचा आणि त्याच बोटावर, त्याच इलेक्ट्रोडने दोघींच्या संदेशाचा वेळ टिपायचा. अल्नरचा संदेश २.६ मिलिसेकंदांत आला आणि मीडियनचा ३.४ मिलिसेकंदांत, तर फरक ०.८ चा. साधारण अर्ध्या मिलिसेकंदापर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे बोगद्यात काहीतरी अडतंय.

यात वेग काढायचीच गरज नाही. टेप थोडी चुकली तरी दोघींसाठी सारखीच चुकते. पेशंट साठीचा असेल तर वयामुळे दोन्ही नसा सारख्याच मंदावलेल्या असतात. उंच माणूस, बुटका माणूस, थंड हात, गरम हात, हे सगळे घटक दोन्ही बाजूंनी वजा होतात. उरतो तो फक्त बोगदा. बाहेरच्या कुठल्या कोष्टकाशी तुलना करण्याऐवजी पेशंटचाच हात त्याची मोजपट्टी बनतो.

अशाच आणखी दोन तुलना आहेत. अंगठ्यावर मीडियन विरुद्ध रेडियल, आणि तळहात ते मनगट या ८ सेंटिमीटरमध्ये मीडियन विरुद्ध अल्नर.

किती फरक पडतो? अमेरिकेतल्या इलेक्ट्रोडायग्नोस्टिक डॉक्टरांच्या संघटनेने २००२ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. खरोखर कार्पल टनेल असलेल्या शंभर पेशंटपैकी मोटर डिस्टल लेटन्सीतून ६३ सापडतात. तर्जनी ते मनगट या नेहमीच्या सेन्सरी टेस्टमधून ६५. तळहातातल्या मीडियन-अल्नर तुलनेतून ७१. आणि अनामिकेच्या तुलनेतून ८५. निरोगी माणसाला चुकून आजारी ठरवण्याचं प्रमाण या सगळ्यांत शंभरात दोन-तीनच्या घरात. म्हणजे नुसती मोटर आणि तर्जनीची टेस्ट करून 'नॉर्मल' लिहिलं, तर प्रत्येक तिसरा पेशंट हातातून निसटू शकतो.

पुण्यातली थंडी

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळी पारा १० अंशांच्या आसपास असतो. पाषाणहून दुचाकीवरून डेक्कनला टेस्टसाठी आलेल्या माणसाचे हात बर्फ झालेले असतात. थंड नस हळू चालते. हाताचं तापमान एका अंशाने उतरलं, की वेग सेकंदाला दोनेक मीटरने कमी होतो आणि डिस्टल लेटन्सी ०.२ मिलिसेकंदांनी लांबते. पाच अंशांचा फरक म्हणजे दहा मीटरचा खड्डा. निरोगी हातही आजारी ठरायला तेवढं पुरेसं.

म्हणून टेस्टच्या आधी हाताच्या त्वचेचं तापमान ३२ अंशांच्या वर असायला हवं. नसेल तर कोमट पाण्यात हात बुडवून किंवा हीटरने शेकून तो गरम करायचा. चांगल्या रिपोर्टवर हे तापमान लिहिलेलं असतं. ज्यावर ते नाही, त्या हिवाळ्यातल्या 'माइल्ड कार्पल टनेल'कडे जरा शंकेनेच पाहावं. एक सोपी खूणही आहे: थंडीमुळे वेग कमी असेल तर अल्नरचा वेगही सोबत उतरलेला दिसतो.

मोजपट्टीच वाकडी असेल तर?

शेजारच्या नसेशी तुलना करायची, तर ती शेजारची नस निरोगी असायला हवी. पुण्यात हे गृहीत धरता येत नाही.

केईएम हॉस्पिटलच्या मधुमेह विभागातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासलं होतं. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६७ टक्के पुरुषांत ते कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. शाकाहार हे त्यामागचं एक मोठं कारण. बी-१२ कमी झालं की नसांवर परिणाम होऊ शकतो, मधुमेहातही तो होऊ शकतो, आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतल्यावर बी-१२ आणखी उतरू शकतं. अशा पेशंटच्या सगळ्याच नसा थोड्याफार मंद किंवा दुबळ्या असतात. तर्जनीचा वेग कमी आला, तर तो बोगद्यामुळे की रक्तातल्या साखरेमुळे?

इथे दोन गोष्टी मदत करतात. एक, पायाच्या नसांची टेस्ट. साखरेचा परिणाम बहुधा आधी पायात दिसतो, बोगदा फक्त हातात. हाताची तक्रार असताना पायाला इलेक्ट्रोड का लावले, असं पेशंटला वाटतं, त्याचं कारण हे. दोन, फरकाचा आकार. अल्नर मंद आहे, पण मीडियन तिच्याहूनही बरीच मंद आहे, तर साखर आणि बोगदा दोन्ही आहेत. मधुमेही माणसाला कार्पल टनेल होण्याची शक्यता तशीही जास्त असते.

दुसरा घोटाळा अल्नरचा. ही नस कोपरापाशी हाडाला अगदी लागून, त्वचेखालून जाते. कोपर दाराच्या चौकटीवर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती हीच. कोपर टेकवून बसायची सवय, जुनं फ्रॅक्चर, यांनी ती तिथे दबते. लांब अंतर हँडलवर तळहात दाबून सायकल चालवणाऱ्यांची ती मनगटाच्या बाहेरच्या वाटेवरही दबते. आणि कुष्ठरोगात सगळ्यात जास्त बळी जाणाऱ्या नसांपैकी ती एक आहे.

कुष्ठरोग इतिहासजमा झाला असा समज आहे. भारतात २००५ च्या अखेरीस त्याचं राष्ट्रीय पातळीवर निर्मूलन जाहीर झालं, पण त्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच. पुण्यात कोंढव्याला डॉ. बांदोरवाला कुष्ठरोग रुग्णालय आहे. या आजारात नसेचा वेग मोजण्याला वेगळंच महत्त्व आहे. उत्तर प्रदेशात केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की नायलॉनच्या तंतूने त्वचेची संवेदना तपासून जे नुकसान कळतं, ते सेन्सरी टेस्टमध्ये कित्येक आठवडे आधी दिसू शकतं. नस वाचवायला ते आठवडे मोलाचे असतात.

अल्नर अशी बिघडलेली असेल तर अनामिकेची शर्यत निरर्थक ठरते, दोघीही लंगडतात. मग अंगठ्यावर रेडियलशी तुलना करायची. किंवा मीडियनचीच स्वतःशी: बोट ते तळहात हा तुकडा एकीकडे, तळहात ते मनगट हा तुकडा दुसरीकडे. २००२ च्या त्याच आढाव्यात अशा तुकड्यांच्या तुलनेचा निकालही अनामिकेइतकाच, ८५ चा होता. आणि नस इतकी दबली असेल की संवेदनेची लहर उमटतच नाही, तर तळहातातल्या लंब्रिकल या छोट्या स्नायूपर्यंतचा वेळ मोजतात. एरवी ही पद्धत यादीत तळाला आहे, शंभरात ५६. पण बाकी सगळ्या लहरी गायब झाल्यावर बहुधा हीच हाती लागते, कारण या स्नायूचे तंतू उशिरापर्यंत तग धरतात.

सगळ्याच टेस्ट केल्या तर?

वाटतं तितकं हे सोपं नाही. प्रत्येक टेस्ट निरोगी माणसाला शंभरात अडीच वेळा चुकून आजारी ठरवते असं धरू. पाच टेस्ट केल्या आणि एकीत जरी दोष आला तरी 'कार्पल टनेल' लिहायचं ठरवलं, तर ढोबळ हिशेबाने शंभरातले १२ निरोगी लोक आजारी ठरतील. आकडे गोळा करत राहिलं की एखादा वाकडा सापडतोच.

यावर अमेरिकेतले लॉरेन्स रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तोडगा सुचवला. अनामिका, अंगठा आणि तळहात या तिन्ही तुलनांतले फरक वेगवेगळे न पाहता त्यांची बेरीज करायची. बेरीज एक मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर दोष आहे असं मानायचं. याला कम्बाइन्ड सेन्सरी इंडेक्स म्हणतात. एका टेस्टमधली छोटी चूक बेरजेत विरून जाते आणि खरा दोष तिन्हींत थोडा थोडा साठत जातो. त्यांच्या अभ्यासात सुट्या टेस्टपेक्षा या बेरजेतून जास्त पेशंट सापडले आणि खोट्या धोक्याच्या घंटा वाढल्या नाहीत. जास्तीचं यंत्र लागत नाही, फक्त थोडा वेळ लागतो. पुण्यातच काय, कुठल्याही शहरातल्या लॅबला परवडेल असा हा उपाय आहे.

तरीही आकडा म्हणजे आजार नव्हे. दक्षिण स्वीडनमध्ये अट्रोशी आणि सहकाऱ्यांनी सर्वसामान्य लोकांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा दुखण्याची तक्रार करणारे १४.४ टक्के निघाले. पण तपासणी आणि टेस्ट दोन्हींवरून कार्पल टनेल ठरले ते फक्त २.७ टक्के. त्याहून बोलका आकडा वेगळाच आहे: कसलीच तक्रार नसलेल्या १२५ जणांची टेस्ट केली, तर २३ जणांत मीडियन नस मंद निघाली. रात्रीची शांत झोप लागणाऱ्या माणसावर रिपोर्ट पाहून शस्त्रक्रिया करायची नसते.

सोनोग्राफी आणि सुई

अलीकडे मनगटाची सोनोग्राफीही सुचवतात. दबलेली मीडियन नस बोगद्याच्या तोंडाशी फुगते. तिथे तिचा छेद साधारण १० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर संशय घेतात. यात झटका नाही, दुखत नाही, आणि गाठ किंवा सुजलेला स्नायुबंध असं कारण थेट दिसू शकतं. पण सोनोग्राफी नसेचा आकार दाखवते, कामगिरी नाही. नस किती तंतू गमावून बसली आहे, हे वेगमापणीलाच कळतं.

तंतू गमावणं म्हणजे काय? नसेवरचं आवरण खराब झालं तर संदेश मंदावतो, म्हणजे वेळ लांबतो. आतला तंतूच मेला तर लहरीची उंची घटते. रिपोर्टमध्ये 'अॅम्प्लिट्यूड' नावाचा जो रकाना बहुतेक लोक वाचतच नाहीत, तो हा. आवरण लवकर भरून येतं, तंतू फार हळू. सुईची टेस्ट, म्हणजे ईएमजी, अंगठ्याच्या स्नायूला नसेचा पुरवठा तुटत चालला आहे का ते पाहते. ती प्रत्येकाला लागत नाही. अंगठ्याखालचा स्नायू सुकायला लागला असेल, किंवा मुंग्या मानेतून येत असाव्यात अशी शंका असेल, तेव्हा तिची गरज पडते.

रिपोर्ट हातात आल्यावर

निदानाचा पाया पेशंटची हकीकत हाच असतो. रात्री जाग येते का, कुठली बोटं, हात झटकून बरं वाटतं का, मनगट मिनिटभर वाकवून ठेवलं तर मुंग्या येतात का. हिंजवडीत काम करणारे कीबोर्डला दोष देतात, पण कीबोर्डविरुद्धचा पुरावा कमकुवत आहे. जोर लावून पुन्हा पुन्हा पकडण्याची कामं आणि थरथरणारी हत्यारं यांचा संबंध जास्त ठोस आहे. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतल्या हातांना तो जास्त लागू होतो. थायरॉइड, गरोदरपण, संधिवात हीही कारणं आहेत आणि स्त्रियांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा बराच जास्त दिसतो.

टेस्टला जाताना हाताला तेल किंवा क्रीम लावू नये, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, पेसमेकर असेल तर आधी सांगावं. रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्रास मात्र खरा असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारायचं: अनामिकेची किंवा दुसरी कुठली तुलना केली होती का, आणि हाताचं तापमान किती होतं? तुलना झाली नसेल तर ती करून घेता येते. झाली असेल आणि तीही नॉर्मल असेल, तरी सौम्य कार्पल टनेल असू शकतो. अशा वेळी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे वापरून पाहणं हा कमी जोखमीचा मार्ग असतो.

दोष सापडला तर तो किती, यावर पुढचं ठरतं. इंग्लंडमधले डॉ. जेरेमी ब्लँड यांनी २००० मध्ये या टेस्टवरून शून्य ते सहा अशा पायऱ्या ठरवल्या. शून्य म्हणजे नॉर्मल, सहा म्हणजे लहर जवळजवळ दिसतच नाही. नंतर शस्त्रक्रियेचे निकाल या पायऱ्यांशी ताडून पाहिले, तेव्हा मधल्या पायऱ्यांवरच्या पेशंटना सगळ्यात चांगला गुण आल्याचं दिसलं. टेस्ट नॉर्मल असताना ऑपरेशन केलेल्यांना तितका फायदा झाला नाही आणि अगदी शेवटच्या पायरीपर्यंत थांबलेल्यांनाही नाही.

शस्त्रक्रियेनंतर मुंग्या अनेकदा काही दिवसांतच थांबतात. पुढे काही महिन्यांनी पुन्हा टेस्ट केली तर आकडे सुधारलेले दिसतात, पण पूर्ण नॉर्मल होतीलच असं नाही. हात बरा झालेल्या माणसाच्या अनामिकेतही मीडियनचा संदेश अल्नरच्या थोडा मागे राहू शकतो. म्हणून नंतर कधी त्रास पुन्हा सुरू झाला, तर नवा रिपोर्ट कोष्टकातल्या मर्यादेशी नाही, ऑपरेशनच्या आधीच्या जुन्या रिपोर्टशी ताडून पाहावा लागतो. तो जुना कागद जपून ठेवलेला बरा.